उभ्या रुग्णवाहिकेजवळून जाताना

मुंबई-अहमदाबाद महामार्गावर चारोटीजवळ ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. त्यानंतर वाहनांचा वेग व आसनपट्टा यांविषयी पुष्कळ चर्चा झाली. परंतु अपघातानंतर रस्त्याच्या कडेला राबणारे रुग्णवाहिकेचे सेवक, अग्निशामक जवान व पोलीस यांच्या जीविताचा विचार क्वचितच होतो. पालघर-डहाणू भागातील शेतकऱ्यांनी तो करणे अगत्याचे आहे. कारण त्यांचा पेंढा, भाजीपाला व चिकू याच रस्त्यांवरून जातो.

मोटार वाहन अधिनियमातील २०१९ च्या सुधारणेनुसार आपत्कालीन वाहनास वाट न देणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे भोंगा ऐकताच बाजूला होण्याची जाणीव रुजू लागली आहे. मात्र तीच रुग्णवाहिका थांबली की आपले कर्तव्य संपले, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. जखमीवर ओणवे झालेल्या सेवकाची पाठ वाहतुकीकडे असते. त्याला येणारे वाहन दिसत नाही. अमेरिकेतील सर्व राज्यांत अशा वेळी शेजारची मार्गिका सोडून जाण्याचा किंवा वेग कमी करण्याचा कायदा आहे. आपल्या गावाकडील अरुंद रस्त्यावर सोडावयास दुसरी मार्गिकाच नसते. तेथे वेग कमी करणे हाच उपाय होय.

ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. धोका ध्यानात येऊन पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर अंतर तेवढ्यातच सरते. ट्रॅक्टर इतका वेगाने जात नाही हे खरे. पण भरलेल्या ट्रॉलीला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात व ती मागून ट्रॅक्टरला रेटते. पावसाळ्यात चिखलाने माखलेल्या डांबरावर तर विचारूच नये! म्हणून लुकलुकणारा दिवा दुरून दिसताच वेग उतरवावा व पाहण्यासाठी मध्येच थांबू नये.

बोईसर-तारापूरच्या परिसरात आणखी एक गोष्ट आहे. ११ जानेवारी २०२० रोजी बोईसरजवळील एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आठ जणांचा बळी गेला. तशीच ज्वालाग्राही किंवा विषारी द्रव्ये टँकरमधून रस्त्याने नेली जातात. टँकर उलटल्यास बघ्यांच्या मोटारसायकलींनी अग्निशामक बंबाची वाट अडते. सांडलेले द्रव्य डब्यात भरून नेण्याचा मोह तर जिवावर बेतणारा आहे. विडीच्या ठिणगीनेही पेट घेऊ शकेल अशी वाफ डोळ्यांना दिसतेच असे नाही. अशा वेळी वारा ज्या दिशेने वाहतो तिकडे न जाता, वाऱ्याच्या वरच्या बाजूस दूर व्हावे आणि ११२ क्रमांकावर कळवावे. जखमींसाठी १०८ ची रुग्णवाहिका आहे. सद्भावनेने मदत करणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे, हेही ग्रामसेवकांनी ग्रामसभेत सांगावे. पोलिसांच्या भीतीने पुष्कळ लोक मागे सरतात.

भिंतीवरील घोषणांपेक्षा मात्र एक लहान काम अधिक उपयोगी पडेल. पेंढ्याच्या भाऱ्यांनी ट्रॉलीचा मागचा दिवा झाकला जातो. भात खरेदी केंद्रावर रांग लागते तेव्हा प्रत्येक ट्रॉलीची मागील बाजू तपासून तिला लाल परावर्तक पट्टी लावून घ्यावी.