आधी अम्मीला दाखव

जोगेश्वरी पूर्वेच्या प्रेमनगरमधली एक मुलगी, बारावीतली. तिनं मोबाइलवर सात मिनिटांची फिल्म केली होती. तिची अम्मी घरी साड्यांना फॉल-पिको करते, त्यावर. सुटीत आम्ही काही मित्र वस्तीतल्या मुलांना फिल्म करायला शिकवतो, त्यांतली ती एक.

फिल्म सुरू व्हायची ती मात्र जळणाऱ्या घरांनी. इंटरनेटवरून उचललेली १९९३ ची दृश्यं, मागे अजान, त्यावर उदास बासरी. मी विचारलं, "हे कशाला?" ती म्हणाली, "सर, जोगेश्वरी म्हटलं की लोकांना हेच माहीत असतं ना!"

राधाबाई चाळ विसरा, असं मी कुणालाच सांगणार नाही. तिथं जळून गेलेली माणसं आपलेच शेजारी होते. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात त्या दोन महिन्यांतले ९०० मृत्यू नोंदलेले आहेत. त्यांत ५७५ मुस्लीम आणि २७५ हिंदू. यावर फिल्म करायची तर जबाबदारीनं, पूर्ण करावी. शिलाई मशीनच्या गोष्टीला फोडणी म्हणून ती आग वापरू नये. आपली मुलंही आपल्या वस्तीकडे बाहेरच्या कॅमेऱ्यानं बघायला लागली आहेत, याचं मला वाईट वाटलं.

आमची तपासणीची पद्धत साधी आहे. फिल्म एकदा आवाज बंद करून बघायची, एकदा डोळे मिटून नुसती ऐकायची. पहिल्या खेपेला कळतं, चित्र काही सांगतं की सगळं निवेदनच सांगतं. दुसऱ्या खेपेला कळतं, पंख्याच्या घरघरीत अम्मीचं बोलणं बुडालं आहे. मग इतर मुलांना एकच प्रश्न : कंटाळा नेमका कुठे आला? "छान आहे" हे उत्तर चालत नाही. आग गेली, बासरी गेली, सात मिनिटांची साडेचार झाली. आता सुरुवातीला फक्त मशीनचा आवाज येतो.

एक दृश्य मला फार आवडलं होतं. तयार साड्या पिशवीत भरणारे अम्मीचे हात. ते ठेव, असं मीच सांगितलं. मग मुलीनं फिल्म घरी दाखवली. अम्मी म्हणाली, "मेरा चेहरा रहने दे, वो थैली निकाल." पिशवीवर दुकानाचं नाव आणि फोन नंबर होता. फिल्ममध्ये ती एका साडीचे किती मिळतात तेही सांगते. दुकानदारानं पाहिलं असतं तर काम गेलं असतं. आम्ही दहा जणांनी ते दृश्य पाहिलं होतं, आणि पिशवी एकालाही दिसली नव्हती.

म्हणून माझं मत पक्कं झालं आहे : फिल्म महोत्सवाला पाठवण्याआधी, यूट्यूबवर चढवण्याआधी, तिच्यात दिसणाऱ्या माणसांना दाखवावी. त्यांनी "नको" म्हटलं तर ते ऐकावं. शूटिंगच्या वेळी दिलेला होकार पुरेसा नसतो. आपण कसे दिसणार आहोत हे तेव्हा त्यांना ठाऊक नसतं. आणि एकदा व्हॉट्सॲपवर गेलेली फिल्म परत येत नाही.

काही मुलांना वाटतं, घरच्यांना दाखवणं म्हणजे छोटं काम. त्यांना मी मालेगाव सांगतो. नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला तो गावच्या लोकांसाठी, यंत्रमागावर राबणाऱ्यांसाठी. त्यांच्या वेडाची गोष्ट सांगणारा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट नंतर आला आणि जगभर गेला. आधी गाव हसलं, मग जग.

एक आग्रह आणखी. घरातली बोली बदलू नका, पण खाली मराठी उपशीर्षकं द्या. ज्या मराठी शेजाऱ्याला आपलं घर आतून कधी दिसलं नाही, त्याला ते वाचता आलं पाहिजे.

त्या मुलीनं ती दिली. पहिला खेळ गल्लीतच, भिंतीवर चादर लावून झाला. समोरच्या चाळीतल्या एक काकू शेवटी म्हणाल्या, "माझ्या साड्या हिच्याकडेच येत असतील की!"