एक इन्सिग्निया, अनेक इन्सिग्निया

गेल्या आठवड्यात ऑफिसात एका शब्दावरून वाद झाला. गणवेश आणि त्यावरच्या बिल्ल्यांचा हिशेब ठेवणारी एक सिस्टिम आम्ही बनवतोय. टीममध्ये नव्यानेच आलेल्या मुलीने व्हेरिएबलला नाव दिलं 'इन्सिग्नियाज्'. मी मोठ्या शहाणपणाने रिव्ह्यूमध्ये लिहिलं, "इन्सिग्निया हेच अनेकवचन आहे, पुढे एस कशाला?" तिने शांतपणे डिक्शनरीचं पान उघडून दाखवलं. इन्सिग्निया एकवचनातही चालतो, आणि इन्सिग्नियाज् पण चालतो. घ्या!

तसं माझंही अगदीच चूक नव्हतं. मूळ लॅटिन शब्द 'इन्सिग्ने', त्याचं अनेकवचन 'इन्सिग्निया'. पण 'अजेंडा' आणि 'डेटा' हेही मुळात अनेकवचनीच, आणि त्यांना आपण रोज एकवचनात वापरतो. तेव्हा व्याकरणात मी हरलो, मान्य.

पण शब्द काही डोक्यातून जाईना. त्याच्या पोटात 'सिग्नम' म्हणजे खूण आहे. साइन, सिग्नल, सिग्नेचर ही सगळी त्याच घरातली भावंडं. नौदलाच्या झेंड्याला 'एन्साइन' म्हणतात, तो तर फ्रेंचमार्गे आलेला इन्सिग्नियाच. आपल्या नौदलाच्या एन्साइनवर २०२२ साली शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला, आणि २०२३ च्या डिसेंबरात तोच ॲडमिरल लोकांच्या खांद्यावरही आला.

आता माझा मुद्दा. आपण हल्ली या सगळ्याला सरसकट 'लोगो' म्हणून मोकळे होतो. पण लोगो हा आपला आपण काढतो. कंपनी काढते, गणपती मंडळसुद्धा काढतं. इन्सिग्निया मात्र दुसऱ्याने दिलेला असतो. तो कामाबरोबर येतो आणि कामाबरोबर जातो. सैन्यातला कॅप्टन मेजर झाला की खांद्यावरचे तीन तारे उतरतात आणि तिथे अशोकस्तंभाचे सिंह येतात. माणूस तोच, जबाबदारी बदलली.

आणि यासाठी आपल्याकडे एक फक्कड शब्द होता: चपरास. पट्ट्यावर लावायची पितळी पाटी. ती लावणारा तो चपराशी, आणि पट्टा बांधणारा तो पट्टेवाला. म्हणजे साहेबाची ओळख खुर्चीवरून, पण शिपायाचं नावच मुळी इन्सिग्नियावरून पडलेलं!

माझे आजोबा कचेरीत पट्टेवाले होते. रोज सकाळी चिंच लावून चपरास घासायचे. पण बाजारात जाताना पट्टा खुंटीवर. आजी म्हणायची, "अहो, तेवढा बांधून जा ना, रेशनच्या रांगेत पुढे घेतील." तर म्हणायचे, "ते सरकारचं पितळ आहे, माझं नाही." रिटायर झाले त्या दिवशी ती परत केली. घरात आता फक्त एक फोटो आहे, त्यात ती पुसटशी दिसते.

हे सगळं आठवायला आणखी एक कारण आहे. मागे मी एका कंपनीत होतो, तिथे पर्मनंट लोकांच्या आयकार्डाची दोरी निळी आणि कॉन्ट्रॅक्टवाल्यांची पिवळी. काम तेच, कोड तोच. पण पिवळी दोरी दिसली की मीटिंगमध्ये लोक निम्मंच ऐकायचे. माझ्या शेजारच्या मित्राचं कॉन्ट्रॅक्ट संपलं, त्या संध्याकाळी कार्ड जमा झालं. डबा जागेवरच राहिला होता. तीन वर्षं रोज नमस्कार करणाऱ्या वॉचमनने त्याला गेटवर थांबवलं. वॉचमनचं काही चुकलं नाही, नियमच तसा. डबा मी आणून दिला. पण खरं सांगायचं तर मीसुद्धा तीन वर्षं त्याची दोरीच आधी बघत होतो.

खूण कामाची असते, आपण ती माणसाची समजतो. खासगी गाडीच्या काचेमागे 'पोलीस' अशी पाटी ठेवून सिनेमाला जाणारेही तीच चूक करतात, फक्त उलट्या बाजूने. आजोबांना लॅटिन येत नव्हतं, पण इन्सिग्नियाचा अर्थ त्यांना नेमका कळला होता.

असो. व्हेरिएबलचं नाव 'इन्सिग्नियाज्'च ठेवलंय. आणि सोमवारपासून जेवायला जाताना मी कार्ड गळ्यातून काढून खिशात टाकणार आहे. बघू किती दिवस जमतं ते!