आज्ञावलीची रोजकीर्द

वाराणसी येथे राजघाटाजवळ गंगेच्या पाण्याची पातळी मोजली जाते. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीत वाचल्या जाणाऱ्या या पातळीचे तीन आकडे तेथील नावाड्यांपासून अधिकाऱ्यांपर्यंत सर्वांना परिचित आहेत. ७०.२६२ मीटर ही इशाऱ्याची पातळी, ७१.२६२ मीटर ही धोक्याची पातळी, आणि ७३.९०१ मीटर ही १९७८ च्या महापुरात नोंदली गेलेली उच्चतम पातळी होय. नदी शांत असते तेव्हा दिवसातील मोजकी वाचने पुरतात. पावसाळ्यात पाणी चढू लागले, की तासातासाचा आकडा टिपला जातो. पट्टी तीच, वाचणारा तोच आणि वहीही तीच. बदलते ती केवळ नोंदीची दाटी. ही दाटी वाढविण्यासाठी कोणी जुनी पट्टी उपटून नवी रोवीत नाही.

संगणकाच्या आज्ञावलीलाही नेमकी अशीच वही हवी. आज्ञावली चालू असताना तिच्या हातून काय घडले याची कालक्रमाने लिहिलेली नोंद तिने स्वतःच ठेवावी, आणि ती नोंद किती बारकाईने ठेवायची हे आज्ञावलीच्या अंतरंगाला हात न लावता बाहेरून ठरविता यावे. ही सोय अखेरीस चढविण्याचा अलंकार नव्हे; ती आज्ञावलीच्या पायातच असली पाहिजे.

मराठी वाचकाला ही कल्पना नवी वाटण्याचे कारण नाही. आपल्या जुन्या हिशेबपद्धतीत रोजकीर्द आणि खतावणी अशा दोन निरनिराळ्या वह्या असत. व्यवहार जसा घडेल तसा त्याच दिवशी रोजकीर्दीत उतरे. त्याची खातेवार मांडणी मागाहून खतावणीत होई. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रोजकीर्दी आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात, त्या याच कारणाने. आज्ञावली जे अंतिम उत्तर देते ती तिची खतावणी समजावी. त्या उत्तराविषयी शंका आली, म्हणजे पाहावयाची असते ती रोजकीर्द. आणि बहुसंख्य आज्ञावल्यांत नेमकी तीच नसते.

एक साधे उदाहरण घेऊ. दिवसभराच्या चोवीस वाचनांवरून नदीच्या पातळीची सरासरी काढणारी एक छोटी आज्ञावली एखाद्या विद्यार्थ्याने लिहिली आहे. पाणी दिवसभर ७०.५० मीटरवर, म्हणजे इशाऱ्याच्या पातळीच्या वर, आहे. चोवीसांपैकी एक वाचन काही कारणाने कोरे राहिले, आणि आज्ञावलीने त्या कोऱ्या जागी शून्य धरले. मग सरासरी येते ६७.५६ मीटर. यंत्र थांबत नाही, तक्रार करीत नाही; इशाऱ्याच्या पातळीहून सुमारे पावणेतीन मीटर खालचा आकडा ते निर्विकारपणे छापून मोकळे होते. चुकीचे उत्तर आणि बरोबर उत्तर यांच्या अक्षरांत काही फरक नसतो. ‘बारावे वाचन कोरे आढळले, शून्य धरले’ एवढी एक ओळ जरी कोठे लिहिली गेली असती, तरी चूक क्षणात उघड झाली असती.

अशी चूक शोधण्याची सर्वांत प्रचलित रीत म्हणजे आज्ञावलीत ठिकठिकाणी छापण्याच्या तात्पुरत्या ओळी घालणे. शंका येते, ओळी घातल्या जातात, चूक सापडते, ओळी पुसल्या जातात. महिन्याभराने दुसरी चूक निघते, आणि त्याच ओळी नव्याने लिहिल्या जातात. या रीतीचे दोष तीन आहेत. प्रत्येक वेळी आज्ञावली उघडून बदलावी लागते, आणि बदलताना नवी चूक शिरण्याचा संभव राहतो. या ओळी उत्तरातच मिसळतात, त्यामुळे उत्तर कोणते व टिपण कोणते हे निवडीत बसावे लागते. तिसरा दोष सर्वांत मोठा. चूक घडून गेल्यानंतर घातलेली ओळ घडून गेलेल्या चुकीविषयी काहीच सांगू शकत नाही. पूर ओसरल्यावर पट्टी रोवण्यासारखाच हा प्रकार होय.

यावरचा उपाय अवघड नाही. नोंदीची ओळ एकदाच लिहावी, ती कायम ठेवावी आणि तिला महत्त्वाची एक पायरी जोडावी. पायथन या भाषेत २००३ साली, तिच्या २.३ या आवृत्तीपासून, नोंद ठेवण्याचा एक विभाग भाषेबरोबरच दिला जाऊ लागला. त्यात अशा पाच पायऱ्या असून त्यांना १०, २०, ३०, ४० आणि ५० हे अंक दिलेले आहेत. मराठीत त्यांना तपशील, वार्ता, सावधगिरी, चूक आणि संकट म्हणता येईल. ‘तिसरी ओळ वाचली’ हा तपशील; ‘आजचे काम सुरू झाले’ ही वार्ता; ‘वाचन कोरे आढळले’ ही सावधगिरी; ‘फाइल उघडता आली नाही’ ही चूक; ‘साठवणीची जागा संपली, काम थांबवीत आहे’ हे संकट. वेगळी आज्ञा नसेल तेव्हा तो विभाग सावधगिरी आणि तिच्यावरच्या पायऱ्या तेवढ्या लिहितो. राजघाटाच्या तीन आकड्यांचे आणि या पाच पायऱ्यांचे तत्त्व एकच आहे: कोणत्या उंचीपासून लक्ष द्यावयाचे ते आधी ठरवून ठेवणे.

आज्ञावलीबाहेरच्या एका लहानशा फाइलीत कोणत्या पायरीपासून लिहावे, कोठे लिहावे आणि कोणत्या भागाचे लिहावे एवढ्या तीन गोष्टी नमूद केल्या, की काम भागते. एरवी ‘सावधगिरी’ हा शब्द असतो. शंका आली, की तो खोडून ‘तपशील’ लिहावयाचा आणि शंका फिटली, की पुन्हा पूर्ववत करावयाचा. हे काम आज्ञावली लिहिणाराच करू शकेल असे नाही. ती वापरणारा ग्रंथपाल किंवा शाळेतील शिक्षकही करू शकेल.

या सोयीची किंमत कोठे कळते, हे पाहावयास पुन्हा वाराणसीलाच जावे लागेल. काशी हिंदू विद्यापीठाच्या परिसरातील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत १९ फेब्रुवारी २०१९ रोजी ‘परम शिवाय’ या महासंगणकाचे उद्घाटन झाले. राष्ट्रीय महासंगणक अभियानाखाली उभारलेला हा पहिला महासंगणक पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने सिद्ध केला. ‘परम’ मालिकेतील पहिले यंत्र याच केंद्राने १९९१ साली, विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली, पुण्यात उभे केले होते. वाराणसीच्या या यंत्राची क्षमता ८३७ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला सुमारे ८३७ लक्ष कोटी गणितकृत्ये, एवढी सांगितली गेली.

अशा यंत्रासमोर संशोधक बसून राहत नाही. तो आपले काम रांगेत लावतो. पाळी येईल तेव्हा, कदाचित मध्यरात्री, ते सुरू होते आणि तासन्‌तास किंवा काही दिवस चालते. एकच काम अनेक गणनखंडांवर एकाच वेळी वाटलेले असते. सकाळी येऊन पाहावे तो काम अर्ध्यावर थांबलेले. आता विचारावे कोणाला? पडद्यावर घडलेले पाहण्यास कोणी हजर नव्हते, आणि तेच काम पुन्हा चालविणे म्हणजे पुन्हा रांग आणि पुन्हा सार्वजनिक पैशाने विकत घेतलेला वेळ. अशा प्रसंगी आज्ञावलीने रात्रभर लिहून ठेवलेली वही हाच एकमेव साक्षीदार. ती नसेल, तर सेकंदाला लक्षावधी कोटी कृत्ये करणारे यंत्रही मुक्याच्या पंक्तीस बसते.

साक्षीदार आणखी दूर असू शकतो. १९९७ च्या ४ जुलै रोजी ‘पाथफाइंडर’ हे अमेरिकन यान मंगळावर उतरले. काही दिवसांतच त्याचा संगणक मधूनमधून आपोआप नव्याने सुरू होऊ लागला. यानाच्या आज्ञावलीत घडामोडींचा माग टिपण्याची सोय चाचणीच्या काळी घातलेली होती, आणि ती काढून न टाकता तशीच ठेवली होती. पृथ्वीवरील जुळ्या यंत्रावर हा माग चालू ठेवून अभियंत्यांनी तीच स्थिती पुन्हा घडवून आणली. तेव्हा दिसून आले, की हवामानाची माहिती गोळा करणारे कमी महत्त्वाचे काम एक सामायिक कुलूप अडवून बसते, मध्यम महत्त्वाची कामे मध्ये घुसतात, आणि सर्वांत महत्त्वाचे काम खोळंबून राहते. एका सूचकाचे मूल्य पृथ्वीवरून बदलून हा दोष दूर करण्यात आला. नोंदीची सोय अगोदर ठेवलेली असणे आणि वर्तन बाहेरून बदलता येणे, या दोन्हींनी मिळून तेथे काम साधले.

यावर आक्षेप घेतले जातात, आणि त्यांतले काही विचारात घेण्याजोगे आहेत. नोंदींमुळे आज्ञावली मंदावते, हा पहिला. न लिहावयाच्या नोंदीसाठी यंत्राला केवळ दोन अंकांची तुलना करावी लागते, तेव्हा एरवी हा भार नगण्य असतो. परंतु लक्षावधी वेळा फिरणाऱ्या आवर्तनाच्या पोटात नोंद घालू नये, हे मात्र खरे. दुसरा आक्षेप, वह्यांनी जागा भरते. ठराविक आकारानंतर नवी वही उघडावी आणि सर्वांत जुनी काढून टाकावी, ही व्यवस्था आता सहज मिळते. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: वहीत खाजगी गोष्टी उतरतात. वाचनालयाच्या आज्ञावलीने कोणत्या सभासदाने कोणते पुस्तक नेले हे नोंदवहीत लिहू नये. परवलीचा शब्द तर कधीच लिहू नये. काय लिहावे याइतकाच काय लिहू नये हाही विवेकाचा प्रश्न आहे.

साधेपणाचा आग्रह धरण्याचेही सबळ कारण आहे. नोंद ठेवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘लॉगफोरजे’ या साधनात डिसेंबर २०२१ मध्ये एक भयंकर छिद्र उघडकीस आले. नोंदीच्या मजकुरात बाहेरून आलेली विशिष्ट अक्षरे असली, तर ते साधन त्यांनाच आज्ञा समजून दूरच्या यंत्राकडून काही आणावयास जाई. लेखनिकाने सांगितलेला मजकूर उतरून घ्यावा. त्याचा हुकूम पाळू नये. वहीला वहीपेक्षा अधिक हुशार करण्याचा मोह टाळणेच बरे.

परंतु या सर्व तांत्रिक चर्चेच्या मुळाशी एक मानवी प्रश्न आहे. ब्रिटनमधील पोस्ट ऑफिसच्या शाखांत ‘होरायझन’ ही हिशेबाची संगणक-यंत्रणा १९९९ पासून बसविण्यात आली. तिच्या आकड्यांत तूट दिसली, म्हणून २०१५ पर्यंत ९०० हून अधिक शाखाचालकांना चोरी, अफरातफर किंवा खोट्या हिशेबाच्या आरोपांखाली दोषी ठरविण्यात आले. काहींना कारावास भोगावा लागला. २०१९ च्या डिसेंबरात तेथील उच्च न्यायालयाने निर्णय दिला, की यंत्रणेतील दोषांमुळे अशी तूट दिसू शकत होती, आणि शाखाचालकाच्या नकळत दुरून त्याच्या हिशेबात फेरफार करणेही शक्य होते. २०२४ साली पार्लमेंटने कायदा करून या शिक्षा रद्द केल्या. नोंदी तेथे मुळीच नव्हत्या असे नाही. पण ज्याच्यावर आरोप होता त्याच्या हाती त्या नव्हत्या. यंत्राच्या शब्दासमोर माणसाच्या शब्दाची किंमत शून्य झाली.

म्हणून नोंदवही ठेवणे पुरेसे नाही. ती वाचता येण्याजोगी आणि ज्याचा संबंध आहे त्याला पाहता येण्याजोगी असली पाहिजे. ‘काहीतरी चुकले’ ही नोंद नव्हे. कोणत्या क्षणी, आज्ञावलीच्या कोणत्या भागात, कोणत्या माहितीवर काम चालले असता काय घडले आणि त्यावर आज्ञावलीने काय केले, एवढे एका ओळीत आले पाहिजे. काशीचे तीर्थोपाध्याय आपल्या वह्यांतून गाव आणि आडनाव यांवरून यात्रेकरूच्या पूर्वजाचे नाव काढून दाखवितात, ते नोंद करतानाच ती पुढे शोधावी लागेल याचे भान ठेवलेले असते म्हणून.

नोंद करणाऱ्याला पुढचा प्रश्न ठाऊक नसतो. जेम्स प्रिन्सेप हे १८२० ते १८३० या काळात बनारसच्या टांकसाळीत अधिकारी होते. तेथे असताना त्यांनी हवामानाच्या नोंदी ठेवल्या, आणि १८२४ ते १८२६ या तीन वर्षांच्या नोंदींचा गोषवारा लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. दोनशे वर्षांनी त्या आकड्यांना कोण काय विचारील, हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ठरलेल्या रीतीने आणि त्या त्या वेळी लिहिणे, एवढेच त्यांच्या हाती होते.

शाळांतून आज्ञावली लिहिणे शिकविले जाऊ लागले आहे. तेथे पहिल्या दिवशी पडद्यावर नमस्काराचे शब्द उमटविण्यास शिकवितात, आणि ते योग्यच आहे. दुसऱ्या दिवशी आज्ञावलीला आपली वही ठेवण्यास शिकवावे. प्रयोगवहीशिवाय केलेला प्रयोग विज्ञानाच्या वर्गात कोणी मान्य करीत नाही. संगणकाच्या वर्गात निराळा नियम असावा, याला काहीही आधार नाही.