वासी पोळीचं पुण्य नसतं



आज थोडं कडू लिहिणार आहे. सुरुवात माझ्यापासूनच करते.

मागच्या पर्युषणानंतर पारण्याच्या दिवशी आमच्या कोलाडच्या घरी शिरा उरला. भरपूर तूप, भरपूर बेदाणे. वाया कशाला घालवायचा म्हणून मी तो मागच्या दारी बसणाऱ्या लालीपुढे ठेवला. रात्रीपासून ती ओकायला लागली. रोह्याहून गुरांचे डॉक्टर आले, सलाइन लावली. काय खाल्लं ते मी सांगितल्यावर म्हणाले, "काकू, द्राक्षं-बेदाण्यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात." चौथ्या दिवशी लाली गेली. संवत्सरीला मी दोनशे जणींना मोबाइलवरून मिच्छामि दुक्कडं पाठवलं होतं. लालीला कुठून पाठवू?

माझ्या हातून ते अज्ञानाने घडलं. पण आपल्या घरांतून रोज जे घडतं ते अज्ञान नाही, सोय आहे. रात्र उलटलेली पोळी आपल्याला चालत नाही. ती वासी, तिच्यात जीवोत्पत्ती, म्हणून अभक्ष्य. मग सकाळी तिचं काय करतो? कुत्र्याला घालतो आणि जीवदया केली म्हणतो! उष्ट्यात संमूर्च्छिम जीव होतात म्हणून आपण थाळी धुऊन पितो, आणि पाहुण्यांचं उष्टं मात्र कुत्र्यापुढे सारतो. मी कॉमर्सची पदवीधर. खराब झालेला माल नुकसानीत दाखवायचा असतो, दानाच्या खात्यात नाही. असा हिशेब कुठलाही ऑडिटर मान्य करणार नाही. कर्म तरी का करील?

पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवतो. त्यातला एक भत्तपाण-विच्छेद, म्हणजे आश्रित जीवाचं अन्नपाणी तोडणं. आपल्या हाकेला शेपूट हलवणारा जीव आश्रित नाही तर कोण? आपल्या पूर्वजांना हे कळत होतं. १८३२ मध्ये मुंबईत इंग्रज सरकारने भटकी कुत्री मारायला घेतली, तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले आणि जैन-हिंदूही त्यांच्या बाजूने उभे राहिले. पुढे १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ सुरू झाली. आपण त्यांचा वारसा सांगतो आणि कुत्र्यापुढे काय टाकतो? शिळं.

कोणी म्हणेल, कुत्रा मांस खाणारा, त्याला आपण काय शिजवून घालणार? मांजराच्या बाबतीत हे खरं आहे. त्याला मांसातले काही घटक लागतातच. पण कुत्रा हजारो वर्षं माणसाच्या चुलीजवळ वाढला. लांडग्यापेक्षा त्याला पिष्ट पदार्थ चांगले पचतात, हे २०१३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या संशोधनाने दाखवलं. डाळभात त्याला पचतो. मात्र नुसता भात किंवा ग्लुकोजची बिस्किटं म्हणजे आहार नव्हे.

मी काय करते ते सांगते. एक वाटी तांदूळ, एक वाटी मूगडाळ, दुधीच्या किंवा लाल भोपळ्याच्या फोडी. सगळं गाळून घेतलेल्या पाण्यात मऊ शिजवायचं. मीठ, तिखट, फोडणी काही नाही. दही द्यायचं तर वेगळ्या वेळी; डाळीत कच्चं दही घालून द्विदळ करू नका. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशींचा नाश करतो, आणि आपल्या घरात तो नसतोच. म्हणजे या कामाला आपल्याइतकं सोयीचं स्वयंपाकघर दुसरं कुठलं? बेदाणे, चॉकलेट आणि मिठाई मात्र लांब ठेवा. चौविहारासाठी संध्याकाळी कुकर लवकर लागतोच, त्यात एक डबा वाढवायचा. खाऊन झालं की भांडं उचलून धुवायचं.

दारावरच्या कुत्र्याला हे पुरतं, कारण तो चार घरी खातो. पण पाळलेल्या कुत्र्याचं सगळं पोट आपल्या हाती असतं. त्याचा, पिल्लांचा आणि गाभण कुत्रीचा आहार जनावरांच्या डॉक्टरला विचारूनच ठरवा. शेजारची ताई अंडं घालत असेल तर तिला अडवू नका. व्रत आपण घेतलंय, कुत्र्याने नाही.

दुसरा आक्षेप, खायला घातलं की कुत्री वाढतात, चावतात. आक्षेप खोटा नाही. कोलाड नाक्यावर मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला बिस्किटं फेकणं ही दया नाही. त्यासाठी कुत्रं गाड्यांखाली धावतं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत खायला घालण्याच्या जागा ठरवायला सांगितलंय, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रस्त्यात कुठेही खायला घालण्यास मनाई केली. म्हणून एकच जागा, एकच वेळ, शाळेच्या वाटेपासून लांब. आणि जो हातचं खातो त्याची नसबंदी आणि रेबीजची लस हाही आपलाच खर्च. तो टाळून नुसतं खायला घालणं म्हणजे अर्धवट दान.

मी एक नियम घेतलाय: जे मला अभक्ष्य, ते त्याच्यापुढे ठेवणार नाही. रोज दोन वाट्यांचा खर्च आहे, फार नाही. लालीसाठी हा नियम फार उशिरा घेतला. तुमच्या दारात आज जी बसली असेल, तिच्यासाठी अजून उशीर झालेला नाही.