वाळवंटातला रणगाडा आणि कोकणातला गंज

१/
आजचा थ्रेड रणगाड्यांच्या पट्ट्यांविषयी, म्हणजे ट्रॅकविषयी आहे आणि तो थोडा कठोर आहे. वाळवंटातील रणगाड्याचे १/३५ मॉडेल करताना त्याचे पट्टे नारिंगी गंजाने माखण्याची प्रथा आपल्याकडे रूढ झाली आहे. ती देखणी असेल. पण इतिहासाच्या न्यायालयात ती खोटी साक्ष आहे.

२/
ही सवय कोठून आली, हे समजण्याजोगे आहे. कर्जत-खालापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस कोसळतो. जैसलमेरला जेमतेम दोनशे. गंजाला लोखंडाइतकीच ओलाव्याचीही गरज असते. म्हणून आपण मॉडेलवर चढवतो तो गंज थरचा किंवा लिबियाचा नसून खोपोलीतील भंगाराच्या दुकानाबाहेरचा असतो.

३/
गंमत अशी की, खरा पुरावाही येथेच आहे. कर्जत स्थानकात रुळांकडे पाहा. बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. तेव्हापासून येथे चाकांची वर्दळ अखंड आहे. रुळाचा माथा भर जुलैतही चकाकतो, बाजू मात्र काळपट तपकिरी असते. उलट, नेरळ ते अमन लॉज ही माथेरानची छोटी गाडी पावसाळ्यात बंद राहते आणि तिच्या रुळांच्या माथ्यावरही गंज चढतो.

४/
नियम सोपा आहे: जेथे चाल, तेथे चकाकी, जेथे विसावा, तेथे गंज. जे रुळाला लागू, तेच पट्ट्याला. जमिनीवर घासणाऱ्या कडा, मधले सुळे आणि दातेरी चाकाचे दात सतत झिजतात. त्यात वाळू म्हणजे साक्षात पॉलिश पेपर. ती पोलादाला गंजू देत नाही, घासून उजळवते.

५/
धातूचेही ऐका. रॉबर्ट हॅडफील्डने १८८२ मध्ये सुमारे १२ टक्के मँगनीज असलेले पोलाद सिद्ध केले. ते आघाताने अधिकच कठीण होते. म्हणून पुढे अनेक रणगाड्यांच्या पट्ट्यांत ते वापरले गेले. त्याच्या खोलगट भागांवर वाळवंटात दिसतो तो गडद तपकिरी थर. केशरी पापुद्रे नव्हेत.

६/
आता हा प्रश्न आपला का, ते पाहा. ‘आफ्रिका कोअर’चे पँझर ३ हे अनेकांचे आवडते मॉडेल. २० जून १९४२ रोजी पहाटे विमानांच्या भडिमारानंतर हे पँझर टोब्रुकच्या आग्नेय बाजूस ज्या मोर्चावर चालून आले, तो पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या पलटणीचा होता. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडले आणि तीस हजारांहून अधिक सैनिक युद्धकैदी झाले.

७/
ते पँझर २६ मेपासून, गझालाच्या लढाईपासून, जवळजवळ चार आठवडे धावत होते. त्यांच्या पट्ट्यांवर नारिंगी गंज दाखवणे म्हणजे ‘हे यंत्र महिनाभर एका जागी भिजत पडले होते’ असे सांगणे. मग मराठी जवानांवर चालून आले ते काय?

८/
धूळही खोटी नको. टोब्रुकच्या परिसरातील जमीन चुनखडीची. तेथील धूळ फिकट, पांढुरकी. थरची वाळू पिवळसर तपकिरी. माथेरानची तांबडी माती जांभ्या दगडाची आहे. ती सुंदर आहे, पण वाळवंटातील पट्ट्यांत तिला स्थान नाही.

९/
कृती अशी. आधी काळपट तपकिरी मूळ रंग. मग फिकट पिगमेंट पावडर थिनरमध्ये कालवून खोबणींत सोडा. वाळल्यावर उंच कडा कापसाने पुसा. शेवटी त्याच कडांवर व सुळ्यांवर शिसपेन्सिल घासा. ग्राफाइटची झाक पोलादासारखीच दिसते. चिखलाचे गोळे चिकटवू नका. कोरडी वाळू झडून जाते. आणि कर्जतच्या जुलैत वार्निश फवारू नका. दमट हवेत ते दुधाळ होते.

१०/
आक्षेप येतात. ‘वाळवंटातही रात्री दव पडते.’ पडते, त्याने धरलेला पातळ गंज पहिल्या काही किलोमीटरांत घासून जातो. ‘ही कला आहे, कागदपत्र नव्हे.’ मग खाली ठिकाण आणि तारीख लिहू नका. तारीख लिहिली की मॉडेल हे विधान होते आणि विधानाला पुरावा लागतो.

११/
गंजाला एक न्याय्य जागा आहे: जळालेला रणगाडा. ५ डिसेंबर १९७१ रोजी लोंगेवालात जैसलमेरहून उडालेल्या हंटर विमानांनी पाकिस्तानी रणगाडे टिपले. आगीत रंग व रबर जळून उघडे पडलेले पोलाद थोड्याशा दवानेही लवकर गंजते. तेथे नारिंगी रंग अवश्य वापरा. पण मग देखाव्याची तारीख लढाईनंतरची लिहा.

१२/
पट्ट्याच्या एका कडीचा रंग सांगतो, यंत्र धावत होते की मेले होते. युद्धाच्या इतिहासात याहून मोठे प्रश्न फार थोडे आहेत. ब्रश उचलण्यापूर्वी एकदा कर्जतचे रूळ पाहून या.

(समाप्त)