घरपट्टीच्या बदल्यात काम: मॅसॅच्युसेट्समधली ज्येष्ठांसाठीची ही योजना नेमकी काय आहे?

घर स्वतःचं आहे, कर्ज कधीच फिटलंय, मुलं आपापल्या मार्गाला लागली आहेत. तरीही निवृत्तीनंतर त्याच घरात राहणं परवडेनासं होतं, कारण दरवर्षी येणारं घरपट्टीचं बिल. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात अनेक ज्येष्ठांना ही अडचण येते.

तिथल्या कायद्याने यावर एक वेगळा मार्ग ठेवला आहे. साठी ओलांडलेल्या घरमालकाने गावच्या ग्रंथालयात किंवा पालिकेच्या कार्यालयात काम करायचं आणि त्या तासांचा मोबदला त्याच्या घरपट्टीतून वजा करायचा. पण या योजनेचा खरा फायदा कोणाला होतो?

घरपट्टीचा बोजा एवढा का?

मॅसॅच्युसेट्समध्ये ३५१ शहरं आणि गावं आहेत. शाळा, पोलीस, अग्निशमन दल यांच्या खर्चाचा मोठा भाग ती मालमत्ता करातून भागवतात. हा कर घराच्या बाजारभावावर ठरतो. त्यामुळे तीस-चाळीस वर्षांपूर्वी घेतलेल्या घराची किंमत वाढली की मालक कागदावर श्रीमंत होतो, पण हातात येणारी पेन्शन तेवढीच राहते.

करवाढीला लगाम घालण्यासाठी १९८० मध्ये मतदारांनी 'प्रपोझिशन टू अँड अ हाफ' हा कायदा मंजूर केला. नवी बांधकामं आणि मतदारांनी खास मंजूर केलेली वाढ सोडली, तर गावाला करवसुली वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. मात्र ही मर्यादा गावाच्या एकूण वसुलीला आहे. एखाद्या घराचं बिल त्याहून जास्त वाढू शकतं.

योजना चालते कशी?

ही योजना सक्तीची नाही. प्रत्येक गावाने ती स्वतंत्रपणे स्वीकारावी लागते. उत्पन्नाची अट किंवा लाभार्थ्यांची संख्या असे नियमही गावंच ठरवतात. कामं साधी असतात: पुस्तकं लावणं, फायली नीट करणं, फोन घेणं, ज्येष्ठांच्या केंद्रात मदत करणं.

तासाचा दर राज्याच्या किमान वेतनापेक्षा जास्त ठेवता येत नाही. २०२३ पासून हे वेतन १५ डॉलर आहे. त्याच वर्षीच्या करसुधारणा कायद्याने वर्षभरातल्या सवलतीची कमाल मर्यादा १,५०० वरून २,००० डॉलर केली. म्हणजे पूर्ण सवलतीसाठी साधारण १३३ तास काम करावं लागतं, आठवड्याला जेमतेम अडीच तास.

गावाला डॉलरऐवजी १२५ तासांची मर्यादा ठेवण्याचीही मुभा आहे. पण १५ डॉलरच्या दराने १२५ तासांचे १,८७५ डॉलरच होतात. त्यामुळे सध्याच्या दरात हा पर्याय ज्येष्ठांना थोडा तोट्याचाच ठरतो.

ही सवलत आहे की पगार?

इथे खरी गुंतागुंत आहे. राज्याच्या आयकरासाठी ही रक्कम उत्पन्न धरली जात नाही. केंद्र सरकारचा कर विभाग मात्र तिला कमाईच मानतो. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी ७.६५ टक्के कपात होते, म्हणजे २,००० डॉलरमागे १५३ डॉलर. त्यावर केंद्राचा आयकरही लागू शकतो. त्यामुळे २,००० डॉलरची सवलत प्रत्यक्षात तेवढी उरत नाही.

गावालाही ही योजना फुकट पडत नाही. करमाफी आणि सवलतींसाठी करवसुलीतूनच जो राखीव निधी बाजूला काढला जातो, त्यातून ही रक्कम जाते. म्हणजे भार इतर करदात्यांवर येतो, पण त्या बदल्यात गावाला काम मिळतं.

हे काम नेहमीच्या कर्मचाऱ्यांच्या पोटावर पाय देणार का, हा प्रश्नही उरतो. टेक्सासमध्ये ६५ वर्षांवरच्यांसाठी अशीच तरतूद आहे. तिथल्या कायद्यानुसार ज्येष्ठांचं काम कर्मचाऱ्यांना पूरक असावं लागतं, त्यामुळे नोकऱ्या कमी करता येत नाहीत.

कोण बाहेर राहतं?

ज्याला मदतीची गरज सर्वात जास्त, त्यालाच काम करणं सर्वात कठीण असू शकतं. ६५ वर्षांचा धडधाकट माणूस आठवड्याला अडीच तास सहज देईल. गुडघे गेलेल्या ८५ वर्षांच्या आजींचं काय? त्यांच्या वतीने दुसऱ्याला काम करू देण्याची सोय कायद्यात आहे, पण ती द्यायची की नाही हे गाव ठरवतं.

काम न करता मिळणारी मदतही राज्यात आहे. ६५ वर्षांवरच्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्यांना 'सर्किट ब्रेकर' नावाची सवलत राज्य सरकार देते. २०२३ साठी तिची कमाल रक्कम दुप्पट होऊन २,५९० डॉलर झाली. ती भाडेकरूंनाही मिळते. शिवाय काही ज्येष्ठांना घरपट्टी पुढे ढकलता येते. ती व्याजासह घर विकल्यावर किंवा मालकाच्या मृत्यूनंतर वसूल होते.

कामाच्या बदल्यातली सवलत या दोन्हींबरोबर उपयोगी पडते. निवृत्तीनंतर घराबाहेर पडायला कारण मिळतं, ओळखी वाढतात आणि बिल थोडं हलकं होतं. पण तिच्यावरच विसंबून राहिलं, तर हातपाय चालतात तोवरच घर टिकेल. म्हणून एखाद्या गावाने ही योजना सुरू केली, की आणखी एक गोष्ट तपासायला हवी: काम करू न शकणाऱ्यांसाठी त्या गावाने काय ठेवलं आहे?