सांवेर रोडच्या भिंती पुसण्याआधी

प्रति,
मा. महापौर आणि मा. आयुक्त, इंदूर नगर निगम,
तसेच सांवेर रोड औद्योगिक क्षेत्रातील सर्व कारखानदार मंडळी यांस,



२०२८ चा सिंहस्थ जवळ आला आहे. अरविंदो रुग्णालयापासून पुढे उज्जैनपर्यंतचा रस्ता सहापदरी होतो आहे. त्याच्या अलीकडे, बाणगंगेहून लवकुश चौकाकडे जाणाऱ्या आमच्या सांवेर रोडवरही आज ना उद्या मोजमाप आणि रंगरंगोटी सुरू होणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्या कामाची फाइल आपल्या टेबलावर येईल तेव्हा तिच्यात एक कागद माझाही असावा, म्हणून हे पत्र. कारखान्यांच्या फाटकांवर, कुंपणाच्या भिंतींवर, गोदामांच्या शटरवर हातानं लिहिलेली जी अक्षरं अजून उरली आहेत त्यांची आधी नोंद करा, मग काय पुसायचं ते ठरवा.

या रस्त्यावर काय बनतं हे आपल्याला ठाऊकच आहे. औषधं, नमकीन, टॉफी आणि लॉलीपॉप, प्लास्टिकच्या वस्तू, यंत्रांचे सुटे भाग. एका फाटकासमोर तळलेल्या बेसनाचा वास येतो, पुढच्या वळणावर गरम साखरेचा. माल देशभर जातो, पण बनवणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावं दुकानदारापलीकडे कुणाला माहीत नसतात. मोठ्या कंपन्यांची गोष्ट वेगळी होती. १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, पुढे दूरदर्शन आलं, आणि साबण, बिस्किटं, दंतमंजनं गाणी म्हणत घराघरात शिरली. ती गाणी आज चाळिशी-पन्नाशीतल्या कुणालाही पाठ आहेत, त्यांच्या ध्वनिफिती जपलेल्या आहेत, त्यांच्यावर पुस्तकं निघतात. सांवेर रोडच्या संत्रागोळीला रेडिओ परवडत नव्हता. तिची सगळी जाहिरात म्हणजे कारखान्याची भिंत, टेंपोची मागची फळी आणि किराणा दुकानाचं शटर. म्हणून या भिंती गेल्या की त्या छोट्या मालाचा जाहिरातीचा इतिहासच गेला. त्याची दुसरी प्रत कुठेही नाही.

वडिलांची नोकरी याच भागात होती. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून मी इथून जायचो. वाचायला शाळेत शिकलो, पण जोडाक्षरं पक्की झाली ती या रस्त्यावर. ‘उद्योग’, ‘कन्फेक्शनरी’, ‘फार्मास्युटिकल्स’. एकेक अक्षर माझ्याएवढं उंच, निळं, त्याला लाल सावली, आणि खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत पेंटरची सही. त्याचं काम चालू असलं की वडील सायकल थांबवायचे. आधी भिंतीला चुन्याची सफेदी. मग दोघांनी दोन टोकांना धरून निळीत भिजवलेलं सूत ताणायचं आणि मधे उचलून सोडायचं, की भिंतीवर सरळ रेघ उमटायची. खडूनं अक्षरांचा अंदाज घ्यायचा. मनगट टेकवायला एक काठी, हातात चपटा ब्रश. शिरोरेघ तो एका दमात ओढायचा. त्या वेळी आजूबाजूचे हमालसुद्धा बोलायचे थांबत.

निवडणूक हा या पेंटरांचा खरा हंगाम. १९८९ पासून सुमित्राताई महाजन इथून लोकसभेच्या सलग आठ निवडणुका जिंकल्या. त्या काळात कुठली भिंत कुठल्या पक्षानं धरली यावरून मतदानाआधीच मतमोजणी चालायची.

ही कला रस्त्यावरची म्हणून कमी प्रतीची, असं इंदूरनं तरी म्हणू नये. होळकरांच्या आश्रयानं दत्तात्रेय दामोदर देवळालीकरांनी १९२७ मध्ये इथे चित्रकलेची शाळा सुरू केली. नारायण श्रीधर बेंद्रे त्यांचेच शिष्य. पंढरपूरला जन्मलेले आणि इंदूरला वाढलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईला गेले आणि नावारूपाला येण्याआधी सिनेमाची होर्डिंगं रंगवत राहिले. कोल्हापूरच्या बाबूराव मेस्त्रींना तर सगळा महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणूनच ओळखतो. कोल्हापूरच्याच जी. कांबळे यांनी व्ही. शांतारामांच्या चित्रपटांची पोस्टरं रंगवली, ‘दीवार’चं पोस्टर दिवाकर करकरे यांनी केलं. बाजार आणि कलादालन यांच्यामधला दरवाजा आपल्याकडे बराच काळ उघडाच होता. तो बंद झाला तो अलीकडे, फ्लेक्स आल्यावर. ज्या पाटीला पेंटरला दोन दिवस लागायचे ती मशीनमधून काही मिनिटांत बाहेर पडू लागली आणि पेंटरांपैकी कुणी फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनला बसला, कुणी रिक्षा घेतली.

मला सगळ्याच भिंती गोंडस वाटतात असं समजू नका. याच रस्त्यावर बिडी-तंबाखूच्या जाहिराती होत्या, गोरं करण्याचं वचन देणारी क्रीमं होती, आणि गुप्तरोगाच्या ‘शर्तिया’ इलाजांनी तर रेल्वेलाइनची एकही भिंत सोडली नव्हती. त्या पुसल्या याचं मला दुःख नाही. रंगांचंही तेच. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या आत ठेवण्याची सक्ती आपल्याकडे २०१७ मध्ये आली. त्याआधी ते रंग हातांनी कालवणाऱ्यांच्या पोटात काय काय गेलं असेल, याचा हिशोब कुणी ठेवला नाही. तेव्हा मागणी जुने दिवस परत आणण्याची नाही. जे चांगलं होतं ते ओळखून ठेवण्याची आहे.

आता कायद्याकडे येतो, कारण आपल्याकडून पहिलं उत्तर तेच येईल. मध्य प्रदेश संपत्ती विरूपण निवारण अधिनियम १९९४ प्रमाणे सार्वजनिक नजरेत येणाऱ्या मालमत्तेवर शाईनं, खडूनं, रंगानं लिहून ती विद्रूप केली तर हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पण त्याच कलमात एक सूट आहे, जागेच्या मालकाचं किंवा तिथे राहणाऱ्याचं नाव आणि पत्ता लिहिण्याची. सांवेर रोडच्या पेंटरांनी फाटकांवर मुख्यतः तेच तर लिहिलं! म्हणजे कारखान्याच्या भिंतीवरचं कारखान्याचं नाव कायद्याच्या आड येत नाही. त्या नावाच्या आड येतो तो आपला एकच रंग सगळीकडे फासण्याचा उत्साह. स्वच्छतेची घोषवाक्यं आणि कार्टूनं शहरभर एकाच साच्यातून काढल्यासारखी दिसतात. विजयनगरची भिंत आणि बाणगंगेची भिंत यांत आता फरक करता येत नाही.

आणि स्वच्छतेच्याच मापानं मोजायचं तर फ्लेक्स कुठे बसतो? इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं आहे, घरातला कचरा सहा प्रकारांत वेगळा करतं, देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून रोज गॅस बनवतं. त्याच शहरात वाढदिवस, नियुक्ती आणि अभिनंदनाचे पीव्हीसीचे फलक खांबाखांबावर लटकतात. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनरवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. जाड फ्लेक्ससुद्धा आठवडाभरानं उतरल्यावर कुठल्या डब्यात टाकायचा, हे कचरागाडीवाल्याला विचारून पाहा. भिंतीवर लिहिलेलं नाव मात्र वर्षानुवर्षं टिकतं आणि कचरा शून्य. टाकून दिलेल्या वस्तूंतून चित्रं घडवणारे विष्णू चिंचाळकर गुरुजी याच शहरातले. त्यांचा वारसा सांगणाऱ्या नगराला हे पटवून द्यावं लागू नये.

पैसा कुठून आणायचा, असंही विचाराल. याचं उत्तर इंदूरनं आधीच दिलेलं आहे. १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली, इतर कापड गिरण्यांचीही तीच गत झाली, तरी अनंत चतुर्दशीला गिरणी कामगारांच्या झाक्या, म्हणजे चित्ररथ, निघायच्या थांबल्या नाहीत. कामगारांनी वर्गणी काढली, नगर निगम आणि इंदूर विकास प्राधिकरण मदतीला आलं, आणि शंभर वर्षांच्या घरातली ती परंपरा रात्रभर रस्त्यावर उजळत राहिली. कारखाना संपला तरी त्याच्या आजूबाजूला वाढलेली कला शहराची असते, हे आपण एकदा मान्य केलेलं आहे. अक्षरांना तोच न्याय लावा. शिवाय हा खर्च झाक्यांच्या मानानं अगदी किरकोळ आहे.

बाहेरच्यांनी हे काम करून दाखवलं आहे. दिल्लीत हनीफ कुरेशी यांनी गल्लीतल्या पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांचे संगणकावरचे फाँट बनवले आणि त्यांना त्या त्या पेंटरचंच नाव दिलं. २०२४ मध्ये ते गेले, फाँट राहिले. ब्रिटनमध्ये विटांच्या भिंतींवरच्या पुसट जाहिरातींचं छायाचित्र-दालन एका विश्वस्त संस्थेनं उभं केलं आहे.

माझ्या मागण्या मोजक्या आहेत.

एक. रस्त्याच्या किंवा सुशोभीकरणाच्या कुठल्याही ठेक्यात भिंतीला हात लावण्याआधी तिचं छायाचित्र, जागा आणि पेंटरचं नाव नोंदवण्याची अट घाला.

दोन. ही नोंद ललित कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांकडून मानधन देऊन करून घ्या, आणि जे जुने पेंटर अजून हयात आहेत त्यांना शिकवायला बोलवा. शाल-श्रीफळ नको, रोजंदारी द्या.

तीन. औद्योगिक क्षेत्राच्या सेक्टरांच्या पाट्या हातानं रंगवून घ्या. सुरुवात सरकारनं केली तर बाकीचे मागे येतील.

चार. कारखानदार मंडळींना विनंती, की पुढच्या वेळी फाटकावरचं नाव फिकं पडेल तेव्हा फ्लेक्सवाल्याला फोन करण्याआधी एखाद्या पेंटरला बोलावून भाव विचारा. आपल्या वडिलांनी किंवा आजोबांनी हा धंदा सुरू केला तेव्हा त्यांचं नाव पहिल्यांदा भिंतीवर लिहिणारा माणूस तोच होता.

या चारपैकी एकाही गोष्टीला नवा कायदा लागत नाही, आणि पहिलीला तर एका सहीपलीकडे काहीच लागत नाही. ती सही सिंहस्थाच्या ठेकेदाराचा पाणीटँकर आणि रंगाचे डबे सांवेर रोडवर उतरण्याआधी व्हावी, एवढीच विनंती.

आपला,
सांवेर रोडवरून रोज ये-जा करणारा एक इंदूरकर